कनात, गाणं आणि बेट



माझ्या पुतणीची लेक साउथहॅम्प्टनला शिकते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आमच्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे जेमतेम दुपार. मागच्या रविवारी ती बसमध्ये बसून बोलत होती. "आजोबा, काल आम्ही बोटीनं आयल ऑफ वाइट बेटावर गेलो होतो. तिथं जिमी हेंड्रिक्सचा पुतळा आहे. तुमच्या वेळचा ना तो?"

'तुमच्या वेळचा' म्हटलं की आमच्यासारख्यांची कळी खुलते. मी सुरू करणार, तोच पुढचा प्रश्न आला. "आणि काउझहून न्यूपोर्टला जाताना वाटेत भलामोठा तुरुंग लागतो. गाण्यासाठी एवढं नाव असलेल्या बेटावर तुरुंग कशाला?"

"बेट आहे म्हणूनच," मी म्हणालो. तेवढ्यात तिचा थांबा आला आणि फोन बंद झाला.

त्याच दिवशी सकाळी आपल्या मंडळाची कोजागिरीची बैठक झाली होती. मैदानाला कनात लावायची की नाही, यावर दीड तास वाद झाला. मी कनातीच्या बाजूनं बोललो होतो. रात्री झोप येईना. पोरीचा प्रश्न आणि सकाळचा वाद डोक्यात एकमेकांत मिसळायला लागले. म्हणून या महिन्याचं सदर त्यावरच लिहितोय. मोठ्यांनी वाचावंच, पण लिहिलंय ते तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी.

आधी गाण्याचं सांगतो.

आयल ऑफ वाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं बेट. १९६८ मध्ये तिथल्या फोक आडनावाच्या भावांनी एक संगीत मेळा भरवला. मूळ कारण ऐकाल तर हसाल. बेटावर पोहण्याचा तलाव बांधायचा होता आणि त्यासाठी पैसे हवे होते. आपण नाही का देवळाच्या जीर्णोद्धारासाठी नाटकाचा प्रयोग लावत, तसंच. पहिल्या वर्षी दहाएक हजार माणसं आली. दुसऱ्या वर्षी त्यांनी बॉब डिलनला आणलं. १९६६ च्या मोटरसायकल अपघातानंतर हा माणूस जाहीर कार्यक्रमांतून जवळजवळ दिसेनासा झाला होता. तो येणार म्हटल्यावर दीड लाखाच्या आसपास लोक लोटले. बीटल्सपैकी तिघं ऐकायला प्रेक्षकांत बसले होते.

तिसरं वर्ष १९७०, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. ईस्ट आफ्टन नावाच्या शेतावर पाच-सहा दिवसांचा कार्यक्रम. हेंड्रिक्स, द डोअर्स, द हू, जोनी मिचेल, जोन बाएझ, लेनर्ड कोहेन, शिवाय जॅझमधला माइल्स डेव्हिस. बेटाची वस्ती तेव्हा लाखभर. आलेल्यांचा आकडा सहा लाख सांगितला जातो. काही जण तो फुगवलेला मानतात, पण निम्मी माणसं धरली तरी बेटाच्या तिप्पट झाली. सगळी बोटीनं आली. पाणी, संडास, खाणं, सगळ्याची दाणादाण उडाली.

तिकीट तीन पौंड होतं. मैदानाभोवती पत्र्याचं दुहेरी कुंपण घातलं होतं, राखणीला माणसं आणि कुत्री होती. पण मैदानाला लागूनच एक उंच टेकडी होती आणि तिच्या उतारावरून रंगमंच फुकट दिसायचा. हजारो पोरं तिथं तंबू ठोकून बसली. डिलनच्या एका गाण्यावरून त्या वस्तीला 'डेसोलेशन रो' असं नाव पडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाणी स्वातंत्र्याची आणि भोवती पत्रे, हे कसलं? आयोजकांचं म्हणणंही साधं होतं. गाणाऱ्यांचे पैसे, विजेचे पैसे, पाण्याचे पैसे कुठून आणायचे?

रोज पत्र्यांवर दगड पडायला लागले. जोनी मिचेल गात असताना एक जण रंगमंचावर चढला आणि ध्वनिक्षेपक धरून बोलू लागला. त्याला खाली उतरवलं तशी गर्दी खवळली. त्या बाईंना रडू आलं, पण त्यांनी लोकांना समजावलं, लोक शांत झाले आणि त्यांनी गाणं पूर्ण केलं. शेवटच्या दिवशी, रविवारी, आयोजकांनी हात टेकले आणि मेळा सर्वांना मोकळा असल्याचं जाहीर केलं. त्या रात्री उशिरा, म्हणजे सोमवारी पहाटेकडे, हेंड्रिक्स वाजवून गेला. अठरा दिवसांनी, १८ सप्टेंबरला, तो लंडनमध्ये मरण पावला. वय सत्तावीस. म्हणून त्या बेटावर त्याचा पुतळा आहे.

आयोजकांना जबर तोटा झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं खास त्या बेटापुरता कायदा केला. पाच हजारांहून जास्त माणसं उघड्यावर रात्रभर जमवायची असतील तर परवाना घ्यावा लागेल, असा. मेळा बंद पडला तो थेट २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

आता तुरुंगाचं.

पोरीनं पाहिला तो पार्कहर्स्ट. तो १८३८ मध्ये तुरुंग झाला, आणि तोही मुलांसाठी. दहा-बारा वर्षांची, गरिबाघरची पोरं किरकोळ चोऱ्यांमध्ये सापडलेली. सुरुवातीला त्यांच्या पायांत बेड्या असत आणि आपसात बोलायला मनाई असे. तिथं त्यांना शिंप्याचं, चांभाराचं, सुताराचं काम शिकवत आणि मग जहाजात बसवून जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडून देत. १८४२ मध्ये अशा पोरांचं एक जहाज न्यूझीलंडच्या ऑक्लंडला लागलं. पुढच्या दहा वर्षांत तिथे आणि ऑस्ट्रेलियात मिळून सुमारे पंधराशे मुलं गेली. आईबापांची पुन्हा गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. एका बेटावरून उचलून दुसऱ्या बेटावर ठेवायचं, अशी ती व्यवस्था.

याच बेटावरच्या कॅरिसब्रुक किल्ल्यात त्याआधी दोनशे वर्षं इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स कैदेत होता. १६४८ मध्ये त्यानं खिडकीतून पळायचा प्रयत्न केला आणि गजांमध्ये अडकला. डोकं जातं तिथून अंगही जाईल, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. पुढच्या वर्षी त्याचं डोकंच उडवलं गेलं.

बेटावर तुरुंग का, याचं उत्तर १९९५ च्या एका घटनेत चांगलं सापडतं. पार्कहर्स्टमधून तीन कैदी पळाले. त्यांनी तुरुंगातच किल्ली घडवली होती, भिंत ओलांडायला शिडी केली होती. त्यातल्या एकाला विमान चालवता येत होतं. ते बेटावरच्या लहान विमानतळावर पोचलेसुद्धा. पण विमान सुरूच होईना. मग चार-पाच दिवस बेटावरच लपतछपत हिंडले आणि पकडले गेले. भिंत ओलांडली, समुद्र ओलांडता आला नाही. समुद्राला पगार द्यावा लागत नाही, तो लाच खात नाही आणि त्याला डुलकी लागत नाही. म्हणून राज्यकर्त्यांना बेटं फार आवडतात. नेपोलियनला सेंट हेलेना, द्रेफसला डेव्हिल्स आयलंड, मंडेलांना रॉबेन आयलंड.

आणि आपल्याला अंदमान.

अंदमानची सहल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. एलटीसी घेऊन आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी केली. सत्तावन्नच्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, कैद्यांची पहिली तुकडी तिथं उतरवली. जंगल त्यांनी तोडलं, दलदल त्यांनी भरली. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात उभं राहिलं. मधोमध मनोरा आणि त्याच्यापासून फुटणाऱ्या सात तीनमजली ओळी. जवळजवळ सातशे कोठड्या आणि प्रत्येकीत एकच माणूस. एका ओळीच्या दारांसमोर दुसऱ्या ओळीची पाठ येते. म्हणजे आयुष्यभर दार उघडं ठेवलं तरी माणसाचं तोंड दिसायचं नाही. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावत. आपल्या हिशेबात साडेतेरा किलो. बैलाचं काम.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाण्याचा आणि बेटाचा आपल्याकडे फार जवळचा संबंध आहे, हे मी त्या पोरीला सांगायचं राहिलं.

नाशिकचे गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव. विनायकरावांचे थोरले बंधू. जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ता जप्त झाली. गुन्हा काय? कुणाला मारलं होतं? बँक लुटली होती? नाही. कवितांचं एक लहानसं पुस्तक छापून प्रसिद्ध केलं होतं. गाता येण्यासारख्या देशभक्तीच्या कविता. त्या काळी नाशिकमध्ये कवी गोविंदांची गाणी पोरांच्या तोंडी असत. हे गोविंद दरेकर पायांनी अधू होते, चालता येत नव्हतं, पण त्यांची गाणी गावभर चालायची. सरकारला पिस्तुलाची भीती वाटते हे समजू शकतं. चार पानांवरच्या गाण्यांना भिऊन माणूस बेटावर पाठवावा लागतो, यावरून गाणं काय चीज आहे ते कळतं.

पुढचं तर त्याहून विलक्षण. बाबारावांचा खटला ज्यांच्यासमोर उभा राहिला आणि ज्यांनी तो वर पाठवला, ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. त्यांची बदली झाली म्हणून २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. जॅक्सनसाहेबांना संस्कृत-मराठीची आवड. ते नाटकाला आले आणि तिथंच अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलानं त्यांना गोळ्या घातल्या. सुरुवात गाण्यांच्या पुस्तकानं झाली आणि पुढचं पाऊल संगीत नाटकाच्या दारात पडलं. एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्याला फाशी झाली. त्याच वर्षी विनायकराव पकडले गेले आणि १९११ मध्ये तेही अंदमानला पोचले. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात, पण एकमेकांना भेटायची बंदी. कागद-पेन्सिल नाही. भिंतीवर टकटक करून निरोप द्यायचे. विनायकरावांनी कविता भिंतीवर खरवडल्या आणि पाठ केल्या. भिंतीला चुना लागला तरी पाठांतराला लागत नाही.

बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, येसूवहिनी, १९१९ मध्ये गेल्या. नवऱ्याची पुन्हा भेट झाली नाही. बाबाराव सुटले ते १९२२ मध्ये, आणि तेही आपल्या गुजरातेत, साबरमतीच्या तुरुंगातून. तेरा वर्षं. कवितांच्या एका पुस्तकासाठी.

आणि आपलं बडोदं यातून बाहेर नाही बरं का. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासावरून तुम्ही गाड्या हाकत जाता. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, आधी सयाजीरावांच्या सरकारी नोकरीत आणि मग कॉलेजात. त्यांचे धाकटे भाऊ बारींद्र त्यांच्याकडे येऊन राहिले होते. अलीपूर बाँब खटल्यात बारींद्रना १९०९ मध्ये आधी फाशी सुनावली, नंतर ती कमी करून काळं पाणी दिलं. ते १९२० मध्ये सुटले. म्हणजे दांडिया बाजारातल्या ओट्यावर बसलेला एक मुलगा आणि नाशिकचा एक गृहस्थ, दोघंही एकाच वर्षी शिक्षा होऊन एकाच तेलाच्या घाण्याला जुंपले गेले.

आता आपल्या कनातीकडे वळतो.

मकरपुऱ्यात राहणाऱ्यांना भिंतींचं नवल नाही. खंडेराव महाराजांनी उन्हाळ्यात राहायला बांधलेला मकरपुरा पॅलेस आज हवाई दलाकडे आहे. तेव्हा इतकी वर्षं इथं राहून मला पॅलेस माहीत आहे तो मुख्यतः बाहेरून. पलीकडे जीआयडीसी, तिथं प्रत्येक कारखान्याला कंपाउंड आणि फाटकावर वॉचमन. माझीही सगळी नोकरी अशाच एका फाटकाच्या आत गेली. भिंती काही वाईट नसतात. यंत्रं सांभाळायची असतात, माणसंही. म्हणून बैठकीत मी म्हणालो, "कनात हवी, पास हवेत. मागच्या वर्षी दूध कमी पडलं, वर्गणीदारांना मिळालं नाही." ते खरंच होतं. गायक, ध्वनियंत्रणा, मैदानाचं भाडं, मांडववाला, कुणीच फुकट येत नाही. त्या फोक बंधूंचं काय झालं ते वर वाचलंतच.

पण मागच्या वर्षीची अजून एक गोष्ट आहे. ती मी बैठकीत सांगितली नाही.

कार्यक्रम रंगात आला होता. मी पाय मोकळे करायला कनातीच्या मागे गेलो. तिथं अंधारात पंधरा-वीस जण उभे होते. कारखान्यातून पाळी संपवून आलेली पोरं, सायकली हातात धरून. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची बायको, कडेवर लेकरू. त्यांना रंगमंच दिसत नव्हता. कापडावर फक्त आतल्या उजेडाची पिवळी झाक होती. मराठी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कळतही नसेल. तरी ते हलत नव्हते. आत आमचे पुढच्या रांगेतले दोन सभासद मोबाइलवर शेअरबाजार बघत होते, हेही मी डोळ्यांनी पाहून आलो होतो.

आणि मला माझी आजी आठवली. नवरात्रात ती मला गरबा बघायला घेऊन जायची. तिकिटाच्या गरब्याला आत जायची आमची ऐपत नव्हती. आम्ही जाळीबाहेर उभे राहायचो. आजी चपला काढून ठेवायची आणि जागच्या जागी टाळ्या धरायची. गुजराती तिला तोडकंमोडकं यायचं, पण ताल पक्का. एकदा मी विचारलं, "आजी, आपण आत कधी जायचं?" ती म्हणाली, "गाणं बाहेर आलंय ना? मग आपणच कशाला आत जायचं." तेव्हा मला ती आपली समजूत घालते आहे असं वाटलं होतं. मागच्या कोजागिरीला कनातीमागे उभं राहिल्यावर वाटलं, मुलगा बाहेर होता तो आत कधी गेला आणि आत गेल्यावर त्यानं कनात कधी ताणली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

मला उगाच मोठी तुलना करायची नाही. मंडळाची कनात म्हणजे काही सेल्युलर जेल नव्हे आणि आपली कोजागिरी म्हणजे आयल ऑफ वाइट नव्हे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. माणूस अडवता येतो, गाणं अडत नाही. इंग्रजांनी बाबारावांना समुद्रापलीकडे ठेवलं, गाणी नाशिकमध्येच राहिली. १९८८ च्या जून महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर सत्तरएक हजार माणसांसमोर दिवसभर गाणी झाली, मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त. ज्यांचा वाढदिवस ते तुरुंगातच होते. रॉबेन बेटावर अठरा वर्षं काढून मग केपटाउनजवळच्या दुसऱ्या तुरुंगात हलवलेले. ११ फेब्रुवारी १९९० ला ते सुटले आणि एप्रिलमध्ये त्याच वेम्बलीला स्वतः जाऊन उभे राहिले. योगायोग बघा, आपलं सेल्युलर जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झालं तेही ११ फेब्रुवारीलाच, १९७९ मध्ये. आज त्या जेलच्या अंगणात संध्याकाळी प्रकाश-ध्वनीचा खेळ होतो. तिकीट काढून लोक उघड्यावर बसतात आणि ज्या कोठड्यांतून आवाज बाहेर येऊ नये म्हणून इतकी व्यवस्था केली होती, त्यांचीच गोष्ट मोठ्या आवाजात ऐकतात.

मग कनात लावायची की नाही?

माझं मत मी थोडं बदललंय आणि ते सचिवांना कळवलंय. पास राहू देत. दूध, खुर्च्या, पुढची जागा वर्गणीदारांची, त्यात वावगं काही नाही. पण रस्त्याकडची एक बाजू मोकळी ठेवावी. तिथं दोन सतरंज्या घालाव्यात आणि एक कर्णा तिकडे तोंड करून लावावा. दुधाचं एक पातेलं जास्त लागेल. त्याचा खर्च या वर्षी माझ्याकडून, पुढच्या वर्षी कुणाकडून ते तुम्ही ठरवा. त्या बाजूला उभं राहून पेले भरायला चार तरुण हात हवेत. "आम्हाला त्या जुन्या भावगीतांत रस नाही" म्हणणाऱ्यांचेही चालतील. त्यांनी गाण्याकडे पाठ करून दूध वाटावं.

पोरीला काल परत फोन केला. हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, त्या पार्कहर्स्टच्या मुलांची कुणी गाणी लिहिली का?" मला सांगता आलं नाही. तिला म्हटलं, "तूच शोध. सापडली नाहीत तर तूच लिही."

कोजागिरीला भेटूच. रस्त्याकडच्या बाजूला या, मी तिथं असेन.